इंजेक्शन देता, तेव्हा हिमोग्लोबिनही बघा

प्रति,
सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतले, ग्रामीण रुग्णालयांतले आणि खाजगी दवाखान्यांतले सर्व डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमचे यजमान ७१ वर्षांचे आहेत आणि दीड वर्षापासून त्यांच्यावर प्रोस्टेटच्या कॅन्सरचे उपचार चालू आहेत. हे पत्र मी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, त्याला कारण आहे. आपल्याकडच्या माणसाचं निदान मुंबईत होतं, कोल्हापुरात होतं, नाहीतर गोव्यात बांबोळीला होतं. पण दर तीन महिन्यांनी घ्यायचं हार्मोनचं इंजेक्शन तुमच्याच दवाखान्यात टोचलं जातं. दर वेळी रात्रभर कोकणकन्या रेल्वेने कोण जाणार? चिठ्ठी तिकडची आणि सुई तुमची, असा हा व्यवहार आहे. त्यात पेशंटच्या रक्ताचं काय होतंय हे बघायचं काम नेमकं कोणाचं, हे कोणीच ठरवलेलं नाही. आमच्या घरी त्याचे सहा महिने कसे गेले, ते तुम्हाला सांगायचं आहे.

लघवीचा त्रास, मग पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या आजारात वाढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी, मग बायोप्सी, मग हाडांचा स्कॅन. कमरेच्या हाडात दोन ठिकाणी डाग निघाले. ऑपरेशनचा उपयोग नाही, हार्मोनचे उपचार करू, असं ठरलं. आधी काही आठवडे गोळ्या, आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला पहिलं इंजेक्शन. पुढचं इंजेक्शन आम्ही मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत, बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवून आणलं आणि गावात घेतलं. फेब्रुवारीत पीएसए केला. ४८ होता, तो ०.६ वर आला होता. त्या दिवशी मी देवाला नारळ ठेवला. इंजेक्शन देणारे डॉक्टरही म्हणाले, "फार छान रिझल्ट आहे." सगळ्यांचे डोळे त्या एका आकड्यावर होते. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी आणि हिमोग्लोबिन मोजायची साधी तपासणी, करावी असं कोणालाच सुचलं नाही. पीएसएपेक्षा ती कितीतरी स्वस्त तपासणी आहे.

आमचं घर वर आणि बंदर खाली. मधे जांभ्या दगडाची घाटी आहे, बहात्तर पायऱ्यांची. मासे आणायला हे रोज खाली जातात, चाळीस वर्षांत त्यात खंड नाही. मार्चमध्ये एका सकाळी मी अंगणातून पाहिलं, तर हे तिसाव्या पायरीच्या आसपास थांबलेले. बांगड्यांची पिशवी पायरीवर ठेवली होती आणि एक हात बाजूच्या गडग्यावर टेकलेला. मी हाक मारली तर म्हणाले, "कोणाची होडी ती बघतंय." खाली एकही होडी नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. चौथ्या-पाचव्या दिवशी घरात आल्यावर ओटीवर बसले आणि हळूच म्हणाले, "पायात त्राणच नाय गो." ओठ पांढरट दिसत होते, पण मला वाटलं उन्हाने.

मी त्यांच्यावर चिडले होते, हेही लिहिते. ऐन आंब्याचे दिवस. कलमं तयार झालेली, गडी मिळत नव्हते आणि हे दुपारी दोन-दोन तास आडवे. आंबे उतरवायचा झेला हातात घेतला की दहा मिनिटांत खाली ठेवायचे. आढी घालायला वाकले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वाडीत कोणीतरी बोललं, की पेन्शन आली की माणूस सुस्तावतो. मीही एकदा म्हणाले, "तुम्ही मनाने खचलात, म्हणून शरीर उठत नाही." ते वाक्य मला परत घेता येत नाही.

गावात दाखवलं. वय झालं, आजार मोठा आहे, अशक्तपणा येणारच, असं सांगून लोहाच्या गोळ्या आणि रक्त वाढवायचं टॉनिक दिलं. घरात बीट, खजूर, नाचणी, कुळीथ, कोणी सांगेल ते सुरू झालं. दोन महिने गोळ्या घेतल्या. बद्धकोष्ठ इतकं झालं की लघवीला पुन्हा अडथळा येऊ लागला. शौचाला काळं होऊ लागलं, त्याची वेगळी भीती. ताकद मात्र तिळभर वाढली नाही. रात्री अंथरुणात मी एकच विचार करायची: रोग हाडांच्या आत पसरला, रक्त खाऊ लागला. यांच्या मनातही तेच होतं, हे मला पुढे कळलं. आम्ही दोघंही एकमेकांना काही बोललो नाही.

मे महिन्यात मुंबईला गेलो, तेव्हा ओपीडीत एक तरुण डॉक्टर भेटली. तिने आधी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग जुनी फाइल काढली. उपचार सुरू होण्याआधी हिमोग्लोबिन १३.८ होतं. त्या दिवशी १०.९ आलं. तिने लोहाचा साठा, बी-१२, किडनीची तपासणी आणि काचपट्टीवर रक्त बघायला सांगितलं. सगळे रिपोर्ट आल्यावर तिने पाच मिनिटं, खरोखर पाचच मिनिटं, आम्हाला बसवून समजावलं. लोहाचा साठा भरपूर होता. बी-१२ ठीक, किडनी ठीक. रक्तातल्या तांबड्या पेशी आकाराने आणि रंगाने नेहमीसारख्या, फक्त संख्येने कमी. "आजोबा, हे इंजेक्शनमुळे झालंय. कॅन्सर वाढलेला नाही." यांनी तिचा हात धरला. ती पाच मिनिटं आम्हाला नोव्हेंबरात मिळाली असती तर, एवढंच माझ्या मनात येत राहतं.

तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला मी काय शिकवणार? पण हे पत्र घरोघरचे लोकही वाचतील, म्हणून तिने जे सांगितलं आणि नंतर मी जे वाचून घेतलं, ते माझ्या शब्दांत लिहिते. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर, टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं, की हे हार्मोन बंद केलं की हा रोग मागे हटतो. त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. आज तेच काम ऑपरेशन करून अंडग्रंथी काढून होतं किंवा ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन अशा इंजेक्शनांनी होतं. पण टेस्टोस्टेरॉनचं शरीरात एकच काम नसतं. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन निघतं, ते हाडांतल्या मगजाला रक्त बनवायचा निरोप देतं. त्या निरोपाला टेस्टोस्टेरॉन जोर देतं. मगजाला ते थेटही चालना देतं, आणि साठ्यातलं लोह अडवून धरणारं हेप्सिडिन कमी ठेवतं. वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांचं हिमोग्लोबिन साधारण सारखंच असतं. पुढे पुरुषाचं वाढतं ते याच हार्मोनमुळे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची अ‍ॅनिमियाची रेषा बाईसाठी १२ आणि पुरुषासाठी १३ आहे. हार्मोन काढून घेतलं की पुरुषाचं रक्त बाईच्या पातळीकडे उतरतं, कधी त्याच्याही खाली.

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. त्यामुळे ही घट एका रात्रीत कळत नाही. जुन्या पेशी जात राहतात, नव्या कमी येतात आणि तीन-चार महिन्यांनी माणूस घाटीवर थांबतो. मला ते आंब्यावरून समजलं. कलमं लगडलेली आहेत, पण उतरवायला गडीच नाहीत, अशा वेळी बागेत आणखी खत टाकून काय होणार? साठा भरलेला असताना लोहाच्या गोळ्या देणं म्हणजे तेच. १९९७ साली इंजेक्शन आणि गोळ्या असे दोन्ही हार्मोनचे उपचार चालू असलेल्या १३३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यांतल्या ९० टक्के लोकांचं हिमोग्लोबिन निदान दहा टक्क्यांनी उतरलं, आणि सर्वांत खाली जायला सरासरी साडेपाच महिने लागले. आमचं बरोबर सहाव्या महिन्यात सापडलं. म्हणजे आमच्या घरी अपवादाने काही घडलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे घडत होतं आणि आम्हाला ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी शाळेत दर आठवड्याला मुलांना लोहाच्या गुलाबी गोळ्या वाटल्या आहेत. अ‍ॅनिमिया हा शब्द मला नवा नव्हता. पण तो माझ्या डोक्यात लहान मुलं, किशोरवयीन मुली, गरोदर बाया यांच्यापुरताच होता. २०१८ च्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातले सहाही गट तेच: पाच वर्षांखालची मुलं, पाच ते नऊ वर्षांची मुलं, किशोरवयीन मुलं-मुली, जननक्षम वयातल्या स्त्रिया, गरोदर आणि स्तनदा माता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पुरुषांचा अ‍ॅनिमियाचा आकडा दिला आहे, २०१९-२१ ला तो २५ टक्के होता, पण तो १५ ते ४९ वयाच्या पुरुषांचा. सत्तरीचा म्हातारा या दोन्हींत मोजला जात नाही. बायांचं आणि मुलांचं दुखणं मोठं आहे, त्यांचं काही कमी करावं असं मी म्हणत नाही. पण या मोजणीमुळे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांना सवय लागली आहे. पांढरी पडलेली सून आपल्याला दिसते आणि पांढरा पडलेला सासरा दिसत नाही.

आता जे लिहिणार आहे, ते लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. आमच्या वाडीतल्या एका काकांचं याच आजारासाठी अंडग्रंथी काढायचं ऑपरेशन झालेलं. वर्षभराने त्यांना थकवा येऊ लागला. काकू माझ्याकडे आल्या. मी मोठ्या जाणकारपणे सांगितलं, "हार्मोन बंद झालं की असं होतंच, घाबरू नका." शौचाला काळं होतंय म्हणाल्या, तेव्हाही मी म्हटलं, लोहाच्या गोळ्यांनी होतं, यांनाही झालं होतं. काका त्या गोळ्या खरोखरच घेत होते. तीन आठवड्यांनी ते मोरीत पडले. हिमोग्लोबिन ६.४. कंबर दुखते म्हणून ते महिनोन्‌महिने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात होते, त्याने पोटात व्रण होऊन रक्त वाहत होतं. गोळ्यांच्या काळेपणात तो काळेपणा लपला. रक्ताच्या तीन पिशव्या चढवाव्या लागल्या. काका वाचले. काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण माझ्या सल्ल्याने तीन आठवडे वाया गेले हे मला पुरतं माहीत आहे.

म्हणूनच मी घरोघरच्या बायांना शहाणं करायला न निघता तुम्हाला लिहिते आहे. अर्धवट माहितीने काय होतं, ते मी पाहिलं. इंजेक्शनने रक्त कमी होतं हे ज्याला ठाऊक नाही तो म्हातारपणावर ढकलतो, आणि ज्याला तेवढंच ठाऊक आहे तो सगळंच इंजेक्शनवर ढकलतो. या दोन्हींच्या मधलं तपासून ठरवणं तुमच्याच हातात आहे.

तेव्हा माझी विनंती अशी. पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी एक सीबीसी करून घ्या, म्हणजे पुढे तुलना करायला आकडा राहील. मग दर इंजेक्शनच्या वेळी, निदान पहिल्या वर्षात तरी, पीएसएच्या चिठ्ठीवरच सीबीसी हा शब्द जोडा. हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने उतरलं आणि बाकी सगळं ठीक असेल, तर बहुतेकांना औषध लागत नाही, पण ते का उतरलं हे सांगा. ऐकून निम्मी भीती जाते. लोहाच्या गोळ्या फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, बघून द्या. साठा खरोखर कमी असेल तर जरूर द्या, पण मग तो कमी का झाला, रक्त कुठून जातंय, हे शोधा. अपेक्षेपेक्षा जास्त घट असेल, झपाट्याने झाली असेल, पेशी लहान किंवा मोठ्या दिसत असतील, तर इंजेक्शनच्या नावावर विषय मिटवू नका. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी-१२ कमी असू शकतं. लघवी तुंबून किडनी बिघडलेली असू शकते. लघवीवाटे रक्त जात असतं आणि माणूस लाजेने सांगत नाही. रोग खरोखरच हाडांच्या मगजात गेलेला असू शकतो. आणि कोणत्या गोळ्या दुकानातून आणून खाता, हे प्रत्येकाला विचाराच. आपल्याकडचा माणूस विचारल्याशिवाय सांगत नाही.

ज्यांच्या हृदयात स्टेंट आहे, ज्यांना चढावर छातीत दुखतं, त्यांच्यासाठी १०.९ हा आकडा आमच्यासारखा सोसण्याजोगा नसतो. त्यांना लवकर वरच्या डॉक्टरकडे पाठवा. रक्त वाढवायचं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन मिळतं हे आता पेशंटची मुलंच मोबाइलवर वाचून विचारतात. कॅन्सरच्या रुग्णांत त्याने गुठळ्या होण्याचा आणि रोग बळावण्याचा धोका आहे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००७ मध्येच त्यावर ठळक इशारा छापायला लावला. ते सहज मागून घ्यायचं औषध नाही, हे तुम्ही सांगितलंत तर मुलं ऐकतील.

आणि कृपा करून हेही सांगा, की थकवा आला म्हणून इंजेक्शन आपल्या मनाने बंद करायचं नाही. पलीकडच्या गावात एकाने असं केल्याचं मी ऐकलं आहे. ज्या इंजेक्शनने रक्त उतरतं, त्यानेच रोग दाबून धरलेला असतो. बंद करणं, मधे विश्रांती देणं, हा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा. बंद केल्यावर रक्त पुन्हा भरून येतं, पण त्यालाही बरेच महिने लागतात. सगळा थकवा रक्ताचाच असतो असंही नाही. या उपचारात स्नायू झडतात, झोप मोडते, अंगातून गरम वाफा येतात. माझी पाळी जाताना मला जे झालं, तेच मी यांना रात्री पांघरूण फेकताना पाहिलं, आणि लगेच ओळखलं. मुंबईच्या डॉक्टरणीने रोज चालायला आणि थोडं वजन उचलायला सांगितलं. हे पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या घेऊन सकाळी अंगणात व्यायाम करतात. हिमोग्लोबिन आता ११.४ आहे, फार वाढलेलं नाही. पण घाटीच्या तिसाव्या पायरीजवळ आम्ही एक चिरा ठेवून घेतला आहे. तिथे ते पिशवी खाली ठेवून बसतात आणि विचारलं तर सांगतात, दम लागला.

मुंबई, कोल्हापूर, गोव्याच्या तज्ज्ञांपर्यंत हे पत्र पोचलं, तर त्यांना एवढंच सांगणं आहे: तुमच्या डिस्चार्ज कार्डावर इंजेक्शनची तारीख असते, त्याच्या खाली "दर वेळी सीबीसी" ही एक ओळ लिहा. गावातल्या डॉक्टरला त्या ओळीने बळ येतं.

डॉक्टरसाहेब, मी एक कागद तयार केला आहे. आपल्या माणसांना वाचून दाखवता येईल असा, मालवणीत. त्यात असं लिहिलंय: "ह्या इंजेक्शनान आंगातला रगात कमी होता. चढताना दम लागलो, चक्कर इली, छातीत दुखला, काळा परसाकडे झाला, लघवीतसून रगात इला, तर डॉक्टराक सांगा. कंबर दुखान दोनय पाय लुळे पडाक लागले तर त्याच दिवशी हॉस्पिटलात जावा. वय झाला म्हणान गप रवा नकात. इंजेक्शन आपणहून बंद करू नकात." यात काही चुकलं असेल, कमी-जास्त असेल, तर खूण करून द्या, मी पुन्हा लिहीन. बरोबर असेल तर तुमच्या दवाखान्यात, इंजेक्शनच्या खोलीच्या दारावर लावू द्या. यांचं पुढचं इंजेक्शन गणपती झाल्यावर आहे. तेव्हा कागद आणि वही, दोन्ही घेऊन येते. वहीत पीएसएच्या शेजारी हिमोग्लोबिनचा रकाना आखलेला आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका देवगड, जिल्हा सिंधुदुर्ग